झोपेचं वेगळं विचारा

"झोप कशी आहे?" या प्रश्नाला आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं "बरी आहे" एवढंच सांगतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मी तुकड्यातुकड्यानं विचारते. काल दिवा कधी मालवलास? डोळा लागेपर्यंत मनात काय काय आलं? मध्ये किती वेळा उठलास? सकाळी अंथरुणातून पाय खाली कधी ठेवलास? असं विचारत गेलं की त्या 'बरी आहे'च्या मागची रात्र उलगडायला लागते.

मी मनोविकार क्षेत्रातली सामाजिक कार्यकर्ती आहे, कोल्हापुरात एका मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करते. सायकोसिसचं दुखणं नुकतंच सुरू झालेली मुलंमुली आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यात माझा दिवस जातो. सायकोसिस म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत याची पक्की खात्री वाटते, बोलण्याचा धागा मध्येच हरवतो. स्किझोफ्रेनियात हे होतं, बायपोलर आजारात होऊ शकतं, गांजासारख्या नशेनंही होतं. सुरुवात बहुधा सतरा-अठरापासून तिशीच्या आत होते. म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी हे सगळं चालू असतानाच. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं आयुष्य सावरायला सोपं जातं, आणि पहिली काही वर्षं फार मोलाची असतात.

या वर्षांत सगळ्यांचं लक्ष आवाजांवर आणि संशयावर असतं. ते स्वाभाविकच आहे. झोप मात्र मागे राहते. आवाज थांबले की झोप आपोआप येईल, असं घरचे धरून चालतात आणि पुष्कळदा डॉक्टरही. मला हे मान्य नाही. ऑक्सफर्डच्या सारा रीव्ह, ब्रायनी शीव्ह्ज आणि डॅनियल फ्रीमन या संशोधकांनी अठरा ते तीस वयोगटातल्या, सायकोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या 60 जणांची झोप नीट तपासली. मुलाखती घेतल्या, झोपेच्या नोंदी ठेवायला लावल्या, मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. 2019 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. 80 टक्के रुग्णांना झोपेचा निदान एक तरी आजार होता, आणि एकेकाला सरासरी तीनहून जास्त. सर्वांत जास्त आढळले ते निद्रानाश आणि भयस्वप्नं. ज्यांची झोप बिघडलेली होती त्यांच्यात संशय, भास, चिंता, नैराश्य, थकवा हे सगळं जास्त होतं आणि जगण्याचा दर्जा कमी होता. झोपेच्या जवळपास निम्म्या तक्रारी डॉक्टरांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. योग्य उपचार तर फारच थोड्यांना मिळाले होते.

हे निष्कर्ष वाचताना मला इचलकरंजीचा एक मुलगा आठवत होता. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याच्याबद्दल सांगते. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षेसाठी रात्ररात्र जागायला लागला, आठवडाभर दोन-तीन तासांच्या वर झोप नाही. मग गल्लीतल्या मागांच्या खडखडाटातून त्याला स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. आधी नुसतं नाव, नंतर शिव्या. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही तरी आहे. अमावास्येला देवाच्या दारी रात्र जागवली, आणि दुसऱ्या दिवशी तो जास्तच भडकला. देवाला जायला माझी कधीच ना नसते. मी एवढंच म्हणते की दर्शन दिवसा घ्या, या मुलाची रात्र त्याच्या अंथरुणात जाऊ द्या.

औषधं सुरू झाली आणि दीडेक महिन्यात आवाज जवळजवळ थांबले. घरानं सुटकेचा श्वास सोडला. पण तो पहाटे चारला झोपायचा आणि दुपारी दोनला उठायचा. मित्र संध्याकाळी मैदानावर जमायचे तेव्हा याचं डोकं जड. कॉलेज सकाळचं, ते तर सुटलंच. बँकेत जाणं, केस कापून घेणं, मामाच्या घरी जेवायला जाणं, सगळं राहून जायचं. तो मला म्हणाला, "मॅडम, आवाज गेले, पण दिवस काय हाताला लागत नाही."

जगण्याचा दर्जा मोजायच्या प्रश्नावल्या असतात. त्यांत मैत्री, पैसा, काम, घरातले संबंध, करमणूक, सुरक्षित वाटणं असं सगळं विचारलेलं असतं. या मुलाच्या एका वाक्यात त्यातलं बरंचसं आलं होतं. भास कमी झाले म्हणजे रुग्ण बरा झाला, असं आपण कागदावर लिहितो. त्याला स्वतःला मात्र दिवस परत हवा असतो.

मी घरी गेले तेव्हा कारण डोळ्यांसमोरच होतं. दोन खोल्यांचं घर. वडील मागावर रातपाळीला, सकाळी आठला घरी येणार. त्यांना झोप लागावी म्हणून खिडकीवर जाड चादर, टीव्ही बंद, धाकट्या बहिणीला दमदाटी करून गप्प बसवलेलं. त्याच अंधाऱ्या खोलीत, वडिलांच्या शेजारी हा. आई म्हणाली, "झोपू दे की त्याला, म्याडम. रात्रभर जागं असतंय पोरगं." मायेनंच म्हणत होती. पण शरीरातलं घड्याळ रोज लावून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी लागतो सकाळचा उजेड. तो डोळ्यांवाटे मेंदूपर्यंत पोचला की रात्री कधी पेंग यायची ते ठरतं. या मुलाला सकाळच मिळत नव्हती. आणि दुपारी चारला पोटभर जेवलेल्या माणसाला आठला भूक कुठून लागणार? दोनला उठलेल्याला अकराला झोप न येणं हेही तसंच.

काम ना धंदा म्हणून झोप बिघडते, हे वाक्य मी फार ऐकते. रसेल फॉस्टर आणि काथारिना वुल्फ या संशोधकांच्या गटानं 2012 मध्ये याचंच उत्तर दिलं. त्यांनी स्किझोफ्रेनियाचे 20 रुग्ण घेतले आणि तुलनेला तितक्याच वयाची, आजार नसलेली पण बेकार माणसं घेतली. बेकारांची झोप ठीकठाक होती. रुग्णांची, मनःस्थिती आणि औषधं स्थिर असूनही, सगळ्यांचीच बिघडलेली होती आणि निम्म्यांचं तर दिवसरात्रीचं गणितच कोलमडलेलं होतं. तेव्हा दुपारी दोनला उठणाऱ्या मुलाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी वडीलधाऱ्यांसमोरही स्पष्ट बोलते.

झोप आणि संशय यांचं नातं दोन्हीकडून आहे. भीती वाटते म्हणून झोप येत नाही, आणि झोप झाली नाही की भीती वाढते. दुसरी बाजू तपासायला फ्रीमन यांनीच ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतले, झोप न येणारे 3,755 विद्यार्थी घेतले. निम्म्यांना निद्रानाशावरचे मानसोपचार ऑनलाइन दिले. 2017 मध्ये निकाल आला. झोप सुधारली आणि तिच्याबरोबर संशयाचे विचार आणि भाससदृश अनुभवही कमी झाले. फरक फार मोठा नव्हता, पण झोप हे नुसतं लक्षण नसून कारणातही तिचा वाटा आहे, हे त्यातून दिसलं. त्याआधी, 2015 मध्ये, त्यांच्या गटानं भ्रम किंवा भास टिकून असलेल्या 50 रुग्णांवर असेच उपचार केले होते. उपचार घेणाऱ्यांपैकी 41 टक्क्यांचा निद्रानाश गेला, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 4 टक्क्यांचा. सायकोसिस असलेल्यांना असले उपचार झेपत नाहीत, हा समज तिथे खोटा ठरला.

इचलकरंजीच्या घरात आम्ही काय केलं? वडिलांचं अंथरूण आतल्या खोलीत हलवलं, मुलाचं बाहेरच्या. बाहेरच्या खिडकीवरची चादर काढली. उठायची वेळ एकदम सातवर आणली नाही, दोनवरून साडेबारा, मग अकरा, अशी मागे ओढत नेली. डॉक्टरांनी रात्री अकराची गोळी साडेआठवर आणली, कारण तिची गुंगी सकाळभर उरत होती. अंथरुणावर मोबाइल नाही, जेवण नाही, पडून विचार करणं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचं आणि कंटाळवाणं काहीतरी करायचं. तो धाकटीच्या वह्यांना कव्हरं घालायचा. शेवटी वेळ आठपर्यंत आली तेव्हा वडिलांनीच तोडगा काढला. पाळी सुटली की ते कोपऱ्यावरच्या टपरीशी थांबायचे, हा तिथे जायचा, दोघं उभ्यानं चहा घ्यायचे आणि उन्हातून चालत घरी यायचे. त्याआधी कित्येक महिने बापलेकांत धड बोलणं नव्हतं.

साध्या निद्रानाशात अंथरुणातला वेळ कडक कापून झोप घट्ट करण्याची एक पद्धत आहे. ती आम्ही इथे सौम्य करून वापरतो, कारण झोपेची मोठी टंचाई सायकोसिसला चाळवू शकते. घरच्यांनी यूट्यूबवर बघून हा प्रयोग करू नये.

भयस्वप्नांचं दुखणं वेगळं. गडहिंग्लजकडची एक मुलगी झोपायलाच घाबरायची. स्वप्नात रोज कुणीतरी दाराची कडी काढायचं. अशा वेळी दिवसाउजेडी ते स्वप्न लिहून काढायचं, त्याचा शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि नवं स्वप्न रोज काही मिनिटं मनात चालवून बघायचं, असे उपचार आहेत. तिनं लिहिलं की कडी काढून आत आली ती आजी, हातात भाकरीची टोपली. काही आठवड्यांत स्वप्न विरळ झालं. मुख्य म्हणजे, आपल्या डोक्यात चाललेल्या गोष्टीत आपल्याला काही बदलता येतं, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

औषधांबद्दलही बोललं पाहिजे. ओलान्झपिन, क्विटायपिन, क्लोझापिन यांनी गुंगी येते, वजन वाढू शकतं. वजन वाढलं की घोरणं वाढतं आणि झोपेत श्वास अडखळायला लागतो. मग माणूस दहा तास झोपूनही थकलेलाच उठतो. काही औषधांनी आतून अस्वस्थपणा येतो, पाय एका जागी ठरत नाहीत. घरच्यांना वाटतं आजार वाढला. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर गोळीची वेळ, मात्रा किंवा गोळीच बदलता येते. स्वतःहून बंद मात्र करू नये, कारण त्यानं आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी ही वाट नव्हे, तिची सवय लागते. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, 2022 पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आजार उलटायच्या आधी पुष्कळांची झोप सर्वांत आधी ढासळते. म्हणून प्रत्येक घराशी आम्ही एक कागद करतो आणि त्यावर रुग्णाच्या स्वतःच्या अटी असतात. इचलकरंजीच्या मुलानं, तेव्हा तो पुन्हा कॉलेजला जायला लागला होता, त्याचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला. सलग दोन रात्री तीन तासांहून कमी झोप झाली तर तिसरीची वाट न बघता फोन करायचा. परीक्षेच्या काळात अभ्यास रात्री दहाला बंद. फोन त्यानं स्वतः करायचा, त्याला जमलं नाही तर वडिलांनी. आणि खाली, अधोरेखित करून: आईनं रात्री दार ढकलून "झोपलास का रे?" असं विचारायचं नाही.