आयलाची पायवाट

व्हिस्कीचा कारखाना पाहणे हा धनिकांचाच षोक, हा समज स्कॉटलंडच्या आयला बेटावर टिकत नाही. तेथे नेणारी बोट सरकारी मालकीच्या कंपनीची; २०१२ सालापासून तिचे भाडे रस्त्याने तेवढेच अंतर कापण्याच्या खर्चाशी जोडलेले आहे. पोर्ट एलन गाठावे आणि सरळ चालू लागावे. रस्त्यालगतच्या पायवाटेवर तीन-साडेतीन मैलांत लाफ्रॉइग, लागावुलिन व आर्डबेग हे कारखाने लागतात. लाफ्रॉइगमध्ये काही सातू आजही जमिनीवर पसरून मोडवतात व पीटच्या धुरावर सुकवतात. तो धूर हुंगण्यास तिकीट नाही! आत जाण्याचे तिकीट एकाच ठिकाणी काढावे; उरलेले दोन बाहेरून पाहावेत.

हे वैभव मात्र अढळ नव्हे. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरावी लागते. मागणीचा अंदाज चुकला की घाव कामगारांवर पडतो. १९८१ साली आर्डबेग बंद पडले, १९८३ साली पोर्ट एलन. पहिले १९९७ साली नव्या मालकांनी सावरले. दुसरे उघडण्यास २०२४ साल उजाडले. आज प्रवासी या कारखान्यांत पैसा ओततात, पण त्यांना तेथवर आणते ती सार्वजनिक बोट. तिच्या डागडुजीस मद्यसम्राटांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती गैर कशी म्हणावी?