मराठीत सांगा बघू

पहिल्यांदा मी ती सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, किल्लारीजवळचं गाव, माझं वय आठ, घरातली गेलेली माणसं तीन: आई, आजी, धाकटा भाऊ. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. सोमवारच्या मीटिंगमध्ये चुकांची यादी वाचून दाखवते, त्याच आवाजात मी हे वाचून दाखवलं. बेंगळुरूतल्या त्या क्लिनिकात मऊ खुर्च्या होत्या, कोपऱ्यात मनीप्लांट होता आणि समोरची काउन्सेलर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. डोळे तिचे भरून आले, माझे कोरडे. तिनं मला एका कागदावर फुगा काढायला लावला, त्यात दुःख लिहायला लावलं आणि म्हणाली, आता हा सोडून द्या. मी पैसे दिले, रिक्षा केली आणि घरी येऊन कुकर लावला.

पुन्हा तिकडे गेले नाही. थेरपी म्हणजे हेच असेल तर आपल्याला नको, असं ठरवून टाकलं. ते ठरवणं चूक होतं. म्हणून हा लेख.

आमचं घर लातूर-उस्मानाबादकडच्या सगळ्या घरांसारखं होतं. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. त्या पहाटेच्या भूकंपात हाच गारवा अंगावर आला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक झोपेत, दगडमातीखाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक दमून घरात निजले होते. तेव्हाच्या सरकारी नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं. ते वाचून मी वर्गात हसले होते. का हसले, हे मैत्रिणींना सांगता आलं नाही.

मी वाचले, कारण मी घरात नव्हते. उडदाची रास शेतात होती आणि आजोबा राखणीला पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. त्या रात्री मी हट्ट करून त्यांच्याबरोबर निघाले. पाच वर्षांचा भाऊ उंबऱ्यापर्यंत मागे आला. मी त्याला म्हणाले, "नगं यू. मुततूस तू." आजोबा हसले. आईनं त्याला आत ओढून घेतलं.

एवढंच. पुढची एकोणतीस वर्षं हे वाक्य मी कुणालाही सांगितलं नाही.

मामा मला बसवकल्याणला घेऊन गेले. तिथे पोटभर जेवण, शाळा, मामाच्या मुलींचे नवे कपडे, काही म्हणजे काही कमी नव्हतं. फक्त तो विषय काढायचा नाही. मामी म्हणायची, "झालं गेलं गंगेला मिळालं." मायेनंच म्हणायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारनं वसवलेल्या नव्या गावात राहिले. रस्ते सरळ, घर सिमेंटचं. पण अजूनही ते घरात झोपत नाहीत. अंगणात पत्र्याची शेड मारली आहे, पावसाळ्यातही बाज तिथेच. आमच्याकडे अशी म्हातारी माणसं बरीच आहेत. कुणी त्याला आजार म्हणत नाही.

मीही म्हणत नव्हते. २००८ साली नोकरीसाठी बेंगळुरूला आले, लग्न झालं, मुलगा झाला. पलंगाखाली चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या, उशाला टॉर्च, तळमजल्याशिवाय घर घ्यायचं नाही, पहाटे साडेतीनला जाग. नवऱ्याला वाटायचं, मराठवाड्याची माणसं पाण्यासाठी लवकर उठतात. बन्नेरघट्टा रस्त्यावर मेट्रोच्या खांबांसाठी जमिनीत भोकं पाडायला लागले, तेव्हा मात्र स्वयंपाकघरातले डबे थरथरले की मी गॅस बंद न करताच बाहेर पळायचे. शेजारच्या कन्नड आजी हसायच्या.

मग २०२२ मध्ये, मुलगा पाच वर्षांचा असताना, एका रात्री त्यानं अंथरूण ओलं केलं आणि तो माझ्या कुशीत यायला निघाला. मी झोपेत होते. माझ्या तोंडून आठ वर्षांच्या मुलीचं वाक्य निघालं, जसंच्या तसं, त्याच बोलीत. त्याला ती बोली येतही नाही. तो नुसता दारात उभा राहिला. उरलेली रात्र मी न्हाणीघरात बसून काढली.

मराठीत कुणी विचित्र वागलं की आपण म्हणतो, याला ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा. इथे म्हणतात, निम्हान्सला पाठवा. होसूर रस्त्यावरच्या त्या फाटकासमोरून मी रोज ऑफिसला जात होते आणि ते फाटक आपलं नाही असं धरून चालले होते. या संस्थेचं मूळ १८४७ च्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. १९५४ मध्ये तिथेच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून निम्हान्स झालं. देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडवण्याचं शिक्षण प्रथम सुरू झालं त्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. लोकांना फाटकाची भीती वाटते हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून बीटीएम लेआउटमध्ये, हॉस्पिटलपासून लांब, त्यांनी 'सेंटर फॉर वेल बीइंग' काढलं. मी तिथे गेले. तिथून मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव मिळालं.

इथे थोडं थांबून एक कामाची गोष्ट सांगते. काउन्सेलरची पाटी चार आठवड्यांचा कोर्स करूनही लावता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि तो नंबर विचारण्यात उद्धटपणा काही नाही. औषधं लिहून देणारा सायकिअॅट्रिस्ट वेगळा, तो डॉक्टर असतो. मी दोघांनाही भेटले; औषधाची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

सायकॉलॉजिस्ट मॅडम बेळगावच्या निघाल्या. पहिल्या दिवशी वीस प्रश्नांचा एक कागद दिला. नको असताना आठवणी येतात का, दचकता का, त्या जागा टाळता का, स्वतःला दोष देता का. शून्य ते चार यांत गुण. मी टेस्टिंगवाली, मला कागद आवडला. मग मी पुन्हा तीच यादी इंग्रजीत सुरू केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता हेच मराठीत सांगा बघू."

मी "आम्ही शेतात होतो" म्हणाले आणि पुढे बोलता येईना. घशात कुणी मूठ दाबावी तसं.

नंतर त्यांनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये तुर्की मातृभाषेच्या माणसांना त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजणारं यंत्र लावून काही वाक्यं ऐकवली होती. लहानपणी आईबाप रागावताना वापरतात ती वाक्यं तुर्कीत ऐकली की यंत्राचा काटा उसळायचा. तीच वाक्यं इंग्रजीत ऐकून तेवढा हलायचा नाही. नंतर शिकलेल्या भाषेत आपण दुखणं नुसतं कळवतो. इंग्रजी हा माझा हातमोजा होता, आणि तो घालून मी एकोणतीस वर्षं निखारा हाताळत होते. बेंगळुरूत राहणाऱ्या माझ्यासारख्या हजारोंनी थेरपिस्ट शोधताना भाषा विचारावी, एवढंच मला यातून कळलं. आम्ही फी विचारतो, वेळ विचारतो, पार्किंग विचारतो.

पुढचे काही तास कामाचे होते, रडण्याचे कमी. थेरपीत बालपण उकरत बसतात असा माझा समज होता. मॅडमनी आधी जमिनीवर यायला शिकवलं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, असं मोजत. मग ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, डोळे मिटून सांगायची. "मी चालतेय. आजोबांच्या हातात कंदील आहे." ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि आठवडाभर रोज ऐकायचं. क्रूर वाटतं. पण भीती टाळली की वाढते आणि सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा भेटली की तिची धार जाते, हे यामागचं साधं तत्त्व आहे. फोबियावर जे चालतं तेच.

मी ते लालबागेतल्या खडकावर बसून ऐकायचे. तो सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे असं म्हणतात, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. हलणार नाही अशी जागा मला हवी होती. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, रेकॉर्डिंग चालू असताना मी पिशवीतल्या शेंगा सोलायला लागले. मॅडमना हे लाजत सांगितलं तर त्या खुर्चीत टुणकन सरळ बसल्या. म्हणाल्या, कंटाळा येणं हीच तर बातमी.

उरलं ते वाक्य. त्याच्यावर कंटाळा चालत नव्हता. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं, माझ्या बोलीत, आणि खाली माझा निष्कर्ष: 'मी त्याला मारलं.' या दोन ओळींमध्ये काय काय आहे ते भरा, म्हणाल्या. दगडमातीच्या भिंती. रात्रीची वेळ. धोका नाही म्हणणारा नकाशा. अंथरुणात मुतणाऱ्या भावाला आठ वर्षांची कुठलीही बहीण जे म्हणेल ते. मी वाद घातला, चांगले दोन आठवडे घातला. मग त्यांनी विचारलं, तुमच्या मुलाच्या वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलीनं असं म्हटलं असतं, तर तिला तुम्ही काय म्हणाला असता?

त्या दिवशी मी रडले. मराठीत.

दहा महिने, बावीस भेटी, एका भेटीचे पंधराशे रुपये. ज्याला परवडत नाही त्याला निम्हान्सची ओपीडी आहे, रांग मोठी असते. निम्हान्सनंच १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं होतं. माझ्या गावाकडे पाहिलं की मला यात काही नवल वाटत नाही. किल्लारीनंतर मानसिक आरोग्याचं काम झालंच नाही असं मात्र नाही. 'घाशीराम'मधले नाना म्हणून आपण ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून तिथल्या संशोधनात पुढे होते. पण मी तोवर मामाकडे, कर्नाटकात.

मागच्या दिवाळीत अण्णांना फोनवर मी ते वाक्य सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिकडं पाऊस हाय का?" मी म्हटलं, आहे. मी त्यांच्या मागे लागले नाही. मोठ्या संकटातून गेलेली बहुतेक माणसं आपली आपण सावरतात आणि कुणालाही बळजबरीनं बोलतं करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांना पत्र्याखाली झोप लागते, तर लागू दे. ज्याचं दुखणं वीस-तीस वर्षांनी लेकराच्या अंगावर सांडतं, त्यानं मात्र थांबू नये.

माझ्या चपला अजून पलंगाखाली दाराकडे तोंड करूनच असतात. कमी झाली ती साडेतीनची जाग, आठवड्यातून एखादी.

आणि फाटकाची लाज वाटत असेल, तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात. मराठी निवडा.