बू.कॉम

बू.कॉम हे तरुणांसाठी फॅशनचे व खेळाचे कपडे आणि पादत्राणे विकणारे लंडनस्थित संकेतस्थळ होते. ३ नोव्हेंबर १९९९ रोजी ते ग्राहकांसाठी खुले झाले आणि १८ मे २००० रोजी कंपनी अवसायकांच्या ताब्यात गेली. ग्राहकाला खिळवून ठेवण्यासाठी हलत्या चित्रांचा व संवादाचा वापर करणाऱ्या वस्त्रविक्री संकेतस्थळांचे हे सुरुवातीचे आणि सर्वांत खर्चिक उदाहरण मानले जाते.

स्थापना

अर्न्स्ट माल्मस्टेन, काइसा लिअँडर व पॅट्रिक हेडेलिन या तीन स्वीडिश उद्योजकांनी १९९८ मध्ये ही कंपनी स्थापन केली. माल्मस्टेन व लिअँडर यांनी त्यापूर्वी स्वीडनमध्ये 'बोकुस' हे पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ उभारले होते. बू.कॉमच्या गुंतवणूकदारांत फ्रेंच उद्योगपती बर्नार आर्नो आणि इटलीतील बेनेटन कुटुंब यांचा समावेश होता.

संकेतस्थळाची रचना

कपडा हाताळून पाहता येत नाही, ही ऑनलाइन खरेदीतील मुख्य उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी वस्तू सर्व बाजूंनी फिरवून व मोठी करून पाहण्याची सोय येथे होती. निवडलेले कपडे पडद्यावरील पुतळ्याला चढवून एकमेकांशी जुळतात का, हेही पाहता येई. 'मिस बू' नावाची चित्ररूप विक्रेती ग्राहकाशी गप्पा मारी, त्याला सल्ला देई. दुकानात रेंगाळण्याची मजा घरबसल्या देण्याची ही कल्पना मुळात चुकीची नव्हती. आज अशा सोयी सर्रास आढळतात.

अडचण ग्राहकाच्या घरी होती. त्या काळी बहुतेक लोक दूरध्वनीच्या तारेला जोडलेल्या मोडेमवरून इंटरनेट वापरत आणि त्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट एवढाच असे. चित्रांनी व फ्लॅश तंत्राने जड झालेली पाने उघडेपर्यंत बराच वेळ ताटकळावे लागे. युरोपात अनेक ठिकाणी दूरध्वनीचे शुल्क मिनिटागणिक आकारले जात असल्याने ही प्रतीक्षा फुकटही नव्हती. आरंभी मॅकिंटॉश संगणकांवर तर संकेतस्थळ नीट चालतच नसे. त्यामुळे पाहायला येणारे पुष्कळ, पण विकत घेणारे थोडे, अशी स्थिती झाली.

अस्त

आरंभीच १८ देशांत विक्री, निरनिराळ्या भाषा व चलने, मोफत घरपोच सेवा आणि मोफत परतीची सोय यांचा बोजा मोठा होता. मे १९९९ मध्ये ठरलेले उद्घाटन सुमारे सहा महिने लांबले, तोवर जाहिराती मात्र होऊन गेल्या होत्या. सुमारे १८ महिन्यांत १३.५ कोटी डॉलर खर्च झाले. मार्च २००० पासून तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर कोसळू लागल्यावर नवे भांडवल मिळणे बंद झाले.

नंतरचे प्रयोग

त्याच वर्षी शिकागोमध्ये जेक निकेल व जेकब डीहार्ट यांनी 'थ्रेडलेस' सुरू केले. तेथे कोणीही टी-शर्टासाठी चित्र पाठवावे, इतरांनी त्याला शून्य ते पाच गुण द्यावेत आणि पसंतीची चित्रे छापून विकली जावीत, अशी पद्धत होती. त्यासाठी जड तंत्राची गरज नव्हती, शिवाय छपाईपूर्वीच मागणीचा अंदाज येई.

ब्रॉडबँड पसरल्यावर दृश्यप्रधान संकेतस्थळेही यशस्वी होऊ लागली. जपानच्या युनिक्लोने २००७ मध्ये 'युनिक्लॉक' हे घड्याळ आणले. त्यात वेळ दाखवणाऱ्या आकड्यांमधूनमधून कंपनीचे कपडे घातलेल्या तरुणी संगीताच्या ठेक्यावर नाचताना दिसत. लोकांना ते स्वतःच्या ब्लॉगवरही लावता येत असे. २००८ च्या कान जाहिरात महोत्सवात या घड्याळाला ग्राँ प्री पुरस्कार मिळाला.