सोपवलेल्याचा हिशोब

कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मी नोकरीची सगळी वर्षं जमाखर्च लिहिला. निवृत्त झाल्यावर फादरनी मला चर्चच्या अर्थसमितीत बोलावलं. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या पॅरिशमध्ये, अशी समिती असावीच लागते. दानपेटीत पडलेला पैसा धर्मगुरूंच्या मालकीचा नसतो. लोकांनी तो काही कामासाठी त्यांच्या हवाली केलेला असतो, म्हणून त्यावर लोकांचीही नजर हवी. ख्रिस्ती श्रद्धेत दानाची जी शिकवण आहे, तिचाही गाभा हाच आहे. आपल्या हातात जे आहे ते देवाचं, ते आपल्यावर सोपवलेलं आहे आणि त्याचा हिशोब आपल्याला द्यायचा आहे.

या शिकवणीत तीन गोष्टी धरतात: वेळ, अंगचे गुण आणि पैसा. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 1992 साली या विषयावर एक सविस्तर पत्र काढलं. हे तिन्ही एकाच श्रद्धेतून द्यायचे असतात, पैसे टाकले म्हणून बाकीच्या दोन्हींतून सुटका होत नाही, असा त्यातला आग्रह होता. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा 1951 पासून भूदान मागत देशभर पायी हिंडले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याकडे त्यांनी संपत्तिदान मागितलं, श्रमदान मागितलं, बुद्धिदान मागितलं. द्यायला काहीच नाही असा माणूस त्यांनी शिल्लकच ठेवला नाही.

दोन नाणी आणि वीस वर्षांची मजुरी

दानाबद्दलच्या बायबलमधल्या दोन गोष्टी प्रत्येक चर्चमध्ये सांगितल्या जातात. हिशोब लिहिणारीला त्यातले आकडे आधी दिसतात. यरुशलेमच्या मंदिरात श्रीमंत लोक दानपेटीत भरभरून टाकत होते. तेवढ्यात एक गरीब विधवा आली आणि तिने तांब्याची दोन नाणी टाकली. येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं, की सगळ्यांत जास्त हिने दिलं, कारण बाकीच्यांनी शिलकीतून दिलं आणि हिने पोटापाण्याचं होतं ते दिलं. त्या काळी मजुराला दिवसभराच्या कामाचा एक दिनार मिळायचा. विधवेची दोन नाणी मिळून दिनाराचा चौसष्टावा भाग होत असे. आजची मजुरी दिवसाला 640 रुपये धरली, तर तिने 10 रुपये टाकले.

दुसरी गोष्ट तीन चाकरांची. मालक परगावी जाताना एकावर पाच तालांत सोपवतो, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर एक. पहिले दोघे उलाढाल करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो आणि मालक परतल्यावर बोलणी खातो. ऐकणाऱ्याला तिसऱ्याची दया येते, कारण बिचाऱ्याच्या वाट्याला एकच आला असं वाटतं. पण एक तालांत म्हणजे जवळपास 6,000 दिनार. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर वीस वर्षांची मजुरी. आपल्या 640 रुपयांच्या दराने ही रक्कम 38 लाख 40 हजार होते. सगळ्यांत कमी मिळालेल्याच्या हातातही एवढं होतं. कमी मिळालं म्हणून त्याला कोणी बोललं नाही. जे मिळालं ते त्याने वापरात आणलं नाही, हा त्याचा दोष.

या दोन्ही गोष्टी मला रविवारी मोजणीच्या टेबलावर आठवतात. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की दानाच्या पिशव्या आतल्या खोलीत येतात. एका घरातली दोन माणसं मोजणीला एकत्र बसवायची नाहीत, हा आमचा नियम. पिशवी टेबलावर ओतायची, नोटा दर्शनी मूल्याप्रमाणे लावायच्या, नाण्यांच्या चळती करायच्या, एकाने मोजलं की दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, तक्त्यावर दोघांनी सही करायची. पाचशेची नोट बहुधा सरळ असते. दहाची नोट मात्र पुष्कळदा आठ घड्या घातलेली, घामाने मऊ पडलेली येते. ती तळहाताने टेबलावर दाबून सपाट करावी लागते. कुणीतरी ती सबंध आठवडाभर बाजूला काढून ठेवलेली असते. पुढच्या रविवारी एकूण रक्कम फलकावर लागते. कुणी किती टाकलं हे त्यात नसतं आणि असूही नये.

पेटीत न मावणारं

कळंबोलीत पैशापेक्षाही वेळ दुर्मीळ आहे. मुंबईतला लोखंडाचा बाजार सिडकोने इकडे आणला, ट्रक आले, वाहतुकीची कार्यालयं आली. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू झाला. आमच्या चर्चमध्ये नगर आणि जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती आहेत, केरळचे आहेत, तमिळ आहेत, झारखंडचे आदिवासी आहेत. कुणी पाळीवर जातं, कुणी मानसरोवर किंवा खांदेश्वरहून लोकल पकडून मुंबई गाठतं आणि रात्री दहाला घरी येतं. अशा माणसाने दिलेला रविवारचा एक तास जमाखर्चाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण किंमत लावायचीच तर तो पाचशेच्या नोटेहून महाग आहे.

आमच्याकडे एक निवृत्त कारकून आहेत, सगळे त्यांना अंकल म्हणतात. मिस्सेनंतर ते जिन्याखाली टेबल मांडतात. सोबत स्वतःचं पेन, स्टेपलर, चष्म्याची दोन घरं आणि कोऱ्या कागदांची फाइल. लोक त्यांच्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधार कार्डावर तिसरंच, ही आमच्या समाजातली नेहमीची अडचण. त्यातून पेन्शन अडते, पोरांचे प्रवेश अडतात. अंकल तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात, कुठला आधी दुरुस्त करायचा ते ठरवतात, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते सांगतात आणि सोबत लागणाऱ्या कागदांची यादी हातात देतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन शेजारच्या सेक्टरमधल्या हिंदू आणि मुसलमान बायाही येतात. कुणाचा धर्म विचारायचा नाही, हे अंकलनी स्वतःच ठरवून टाकलंय. सरकारी कागदाची भाषा कळणं हा त्यांचा तालांत. नोकरी संपल्यावर तो त्यांनी पुरून ठेवला नाही.

असे आणखीही आहेत. रुग्णालयात नोकरी करणारी एक ताई महिन्यातून एका रविवारी रक्तदाब तपासते. बाजारात वायरिंग करणारा एक दादा चर्चचे पंखे आणि ध्वनिवर्धक सांभाळतो. अंथरुणाला खिळलेल्यांकडे पवित्र ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणारी एक मल्याळी आंटी आहे. तिला मराठी मोडकंतोडकं येतं, पण ती तासभर बसून ऐकते आणि आजाऱ्याला तेवढंच हवं असतं.

ही माणसं एकमेकांना सापडतात ती छोट्या ख्रिस्ती समूहांमुळे. रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे महाधर्मप्रांतात, येतो आणि या आर्चडायोसिसने 1980च्या दशकापासून शेजारच्या काही घरांचा एक समूह अशी बांधणी केली आहे. महिन्याकाठी एका घरी जमून बायबल वाचायचं आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायचं. 26 जुलै 2005 रोजी कळंबोलीत पाणी शिरलं, तेव्हा सिडकोच्या बैठ्या घरांत ओटा, गादी, धान्य सगळं बुडालं. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी दारं उघडली. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचं बाळ तान्हं आहे हे शेजाऱ्यांना आधीच माहीत होतं, त्याचा त्या रात्री उपयोग झाला. अशी ओळख संकटाच्या दिवशी तयार करता येत नाही.

घेणाराही देतो

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. आजी दळण काढताना बाजरीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की तो चर्चमध्ये जायचा. पुढे वाचनात आलं, की मिझोरममध्ये ख्रिस्ती बायका शंभरहून अधिक वर्षं रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एकेक मूठ बाजूला काढत आल्या आहेत आणि त्या तांदळावर तिथल्या चर्चची मोठमोठी कामं उभी राहिली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा धर्मप्रांतात धर्मग्रामातली कुटुंबं वेळ आणि मिळकतीचा वाटा देतात, म्हणून त्यांच्या मुलांना कॅथलिक शाळांत फी भरावी लागत नाही. थोडं थोडं पण नेमाने दिलं, तर अशा गोष्टी उभ्या राहतात.

महाराष्ट्रातला दाखला वसईचा आहे. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या आपल्या लोकांसाठी मॉन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी 1918 साली बॅसीन कॅथलिक पतसंस्था सुरू केली. शेतकऱ्यांची छोटी बचत एकत्र आली आणि त्यांच्याच गरजेला कर्ज म्हणून परत गेली. पुढे तिची बँक झाली आणि आज ती राज्यातल्या मोठ्या सहकारी बँकांत गणली जाते. व्यवहार समजणं हा मोनिस यांचा गुण. तो त्यांनी लोकांसाठी वापरला, तेव्हा शेकडो घरांना उसंत मिळाली.

त्याहून मोठा धडा केडगावचा. पंडिता रमाबाईंनी 1890च्या दशकातल्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली आणि विधवा दौंडजवळच्या केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं जेवू घालून ठेवलं नाही. त्या विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच छापखान्यात छापलं गेलं. जगाने ज्यांना केवळ ओझं मानलं, त्यांच्या हाती ग्रंथ तयार झाला. मदत घेणाऱ्याकडेही देण्यासारखं काहीतरी असतं, आणि ते त्याच्याकडे मागितलं की तो ताठ मानेने उभा राहतो. आमच्या पनवेल तालुक्यात नेऱ्याकडे सील आश्रम आहे. मुंबईच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या, आजारी, हरवलेल्या माणसांना तिथे आणतात, बरं करतात आणि जमेल तिथे त्यांची घरची माणसं शोधून देतात. आपल्या मुलांना एकदा तरी तिथे घेऊन जावं.

कुठे अडतं

या सगळ्याला एक दुखरी बाजू आहे. प्रत्येक चर्चमध्ये काम करणारी तीच ती दहा माणसं असतात. त्यातल्या सहासात बायका. वेदी सजवायची त्यांनी, धर्मशिक्षण द्यायचं त्यांनी, यात्रेच्या दिवशी पातेली घासायचीही त्यांनीच, आणि मग घरी जाऊन स्वयंपाक. बाकीचे येत नाहीत याचं कारण आळस असतंच असं नाही. बहुतेकांना कुणी विचारलेलंच नसतं. वेदीवरून सगळ्यांना मिळून आवाहन केलं की ते कुणालाच लागू होत नाही. नाव घेऊन, काम सांगून, मुदत सांगून विचारलं तर माणूस येतो. 'तू ध्वनिवर्धकाचं बघशील का, ईस्टरपर्यंत?' एवढं पुरतं.

दुसरी अडचण पैशाची. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे, त्याच्याकडून दशांशाची, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाची, अपेक्षा करणं हा अन्याय आहे. दानशूरांच्या नावाच्या पाट्या जितक्या मोठ्या होतात, तितका दहाची नोट टाकणारा मागच्या बाकावर सरकतो. आणि जिथे हिशोब फलकावर लागत नाही, तिथे लोकांचा हात आखडतो, यात लोकांची चूक नाही. देणाऱ्याला जसा देवापुढे हिशोब द्यायचा आहे, तसाच चर्चलाही देणाऱ्यांपुढे द्यायचा आहे.

वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, हे तुमच्या मंदिरालाही लागू आहे, विहारालाही आणि सोसायटीलाही. एका कागदावर तीन ओळी लिहा. आठवड्यातला कुठला एक तास मी देऊ शकते, मला चांगलं येतं असं कुठलं एक काम आहे, आणि दर महिन्याला न चुकता किती रक्कम देऊ शकते. मोठं काही लिहू नका, पाळता येईल तेवढंच लिहा. मग तो कागद घेऊन तुमच्या फादरांकडे, विश्वस्तांकडे किंवा सचिवांकडे जा आणि काम मागा. कुणी बोलावेल म्हणून वाट पाहू नका.