ओ-तीन लावला म्हणजे झालं?

धामणगाव बढे इथला एक पोरगा पहाटे पाचला उठून एकच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवतो असं कानावर आलं, म्हणून गेलो. पुण्यातल्या कंपनीचं काम तो घरूनच करतो. मे महिन्यात इथं दहा वाजताच पत्रे तापतात. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. मग कंपायलरनं काय कमावलं आणि उन्हानं काय खाल्लं, हे कळायचं कसं?

"मशीन तापलं का आकडे खोटे बोलतेत, भाऊ." पालथा हात लॅपटॉपखाली घालून त्यानं ऊब पाहिली, मगच एंटर दाबलं.

पावत्यांवरची गावांची नावं मोठ्या यादीत शोधणारा हा सी भाषेतला प्रोग्राम. कंपायलर जीसीसी; प्रोग्राम वेगवान करायला किती खटपट करायची, हे त्याला ओ-शून्य ते ओ-तीन या पायऱ्यांनी सांगतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय खेडकरांची जीसीसीवरची व्याख्यानं त्यानं ऐकलेली, त्यामुळे कंपायलरला तो कमी लेखत नाही. ओ-शून्यवरून ओ-दोनवर आल्यावर वेळ खरंच घटला होता. प्रश्न होता ओ-तीनचा.

आळीपाळीनं वीस-वीस फेऱ्या झाल्या. ओ-तीन तीन टक्क्यांनी पुढे! मी खूश, तो नाही. एकट्या ओ-दोनच्याच फेऱ्यांमध्ये चार टक्क्यांची तफावत होती. आमचे तीन टक्के त्यातच बुडाले.

ही त्याची एकट्याची शंका नव्हे. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधला मजकूर नुसता लांबला तरी त्याच प्रोग्रामचा वेळ बदलू शकतो, कारण मेमरीतल्या जागा सरकतात. २०१३ मध्ये कर्ट्सिंगर आणि बर्गर यांनी या जागा मुद्दाम विस्कटून मोजमाप केलं, तेव्हा ओ-तीनची ओ-दोनवरची आघाडी योगायोगापासून वेगळी काढता आली नाही. असं असूनही तीन टक्क्यांवर कौतुकाचे ईमेल जातात.

मग कुठं किती वेळ जातो ते दाखवणारं परफ हे साधन त्यानं चालवलं. दहातले नऊ हिस्से वेळ स्ट्रकम्पमध्ये, म्हणजे दोन नावं जुळतात का ते पाहण्यात. ते फंक्शन सी लायब्ररीत आधीच कंपाइल होऊन आलेलं. आपला ओ-तीन त्याला शिवतही नाही. उरलेला एक हिस्सा पार शून्यावर आणला, तरी नऊ राहणारच. अ‍ॅमडालनं १९६७ मध्येच मांडलेला हिशेब हा.

प्रत्येक पावतीसाठी यादी पहिल्यापासून चाळली जात होती. त्यानं ती एकदाच अक्षरक्रमानं लावली आणि मधून शोध सुरू केला. दहा सेकंदांचं काम सव्वा सेकंदावर आलं, तेही ओ-दोनवरच.