सर्व्हर चालू आहे, मग काम का अडलंय?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले आणि बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराने नंतर जे स्पष्टीकरण दिलं, त्यातली एक गोष्ट प्रत्येक संगणकीकृत संस्थेने वाचावी अशी आहे. खरेदी-विक्रीची मूळ यंत्रणा त्या वेळी चालूच होती. माहितीची सामाईक साठवण-यंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली, तिच्या आधाराने चालणारं जोखीम-नियंत्रण बंद पडलं आणि त्यावाचून व्यवहार चालू ठेवणं धोक्याचं होतं.

तिथून काही किलोमीटरवर, विलेपार्ल्यात, एवढा मोठा पसारा कुणाचा नसेल. पण पॅथॉलॉजी लॅब, पतपेढी, ग्रंथालय, क्लास, प्रत्येकाच्या मागे आज एक डेटाबेस आहे. रिपोर्ट मिळत नाही म्हणून रांगेत खोळंबलेल्या माणसाला ‘सिस्टीम स्लो आहे’ एवढंच उत्तर मिळतं, कारण देणाऱ्यालाही याहून अधिक माहीत नसतं. डेटाबेसवर देखरेख ठेवणं म्हणजे ‘कोण, कशासाठी, किती वेळ थांबलंय’ याचं उत्तर कायम हाताशी असणं. याबद्दलचे काही समज अगदी घट्ट बसलेले आहेत.

‘सर्व्हर चालू आहे, म्हणजे डेटाबेस ठीक आहे.’ यंत्र हाकेला ओ देतं, एवढ्यावरून त्यातली माहिती वेळेत मिळते असं ठरत नाही. खरी तपासणी करायची तर दर मिनिटाला एक छोटी, रोजच्या वापरातली क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, आपोआप चालवावी आणि तिला लागलेला वेळ नोंदवावा. लॅब असेल तर एखादा रिपोर्ट शोधण्याची, पतपेढी असेल तर खात्यातली शिल्लक काढण्याची.

‘सीपीयू तर रिकामा आहे, मग डेटाबेसचा काय संबंध?’ या एका समजापायी सर्वांत जास्त पैसा वाया जातो. काम अडलंय, प्रोसेसरचा वापर दहा टक्के दिसतोय, म्हणून दोष नेटवर्कवर जातो किंवा नवं यंत्र विकत घेतलं जातं. पार्ले स्थानकाच्या तिकीट खिडकीशी एक जण पाकीट उघडं धरून उभा राहिला, तर आतला कर्मचारी मोकळा असतो आणि रांग मात्र जिन्यापर्यंत पोहोचते. डेटाबेसमधलं लॉक हे असं असतं. एखाद्या कर्मचाऱ्याने पावतीत बदल सुरू केला, सॉफ्टवेअरने ती नोंद अडवून धरली आणि ‘सेव्ह’ न करताच तो जेवायला गेला. त्याच नोंदीत बदल करू पाहणारा प्रत्येक जण आता थांबणार. नव्या यंत्रावरही थांबणार.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ या तक्त्यात कोणतं काम कशासाठी खोळंबलंय ते त्या क्षणी दिसतं. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी अवस्था बराच वेळ दिसली, की आपला उघड्या पाकीटवाला तोच. अशा व्यवहाराला ठरावीक वेळेनंतर आपोआप बाहेर काढण्याची सोयही आहे, मात्र ती मुळात बंद असते. ती किती मिनिटांवर लावायची हे आपल्या कामाचा वेग पाहून ठरवावं लागतं.

‘सरासरी वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आहे.’ शंभर मागण्यांपैकी ९५ मागण्या ०.०५ सेकंदात पुऱ्या झाल्या आणि पाचांना प्रत्येकी ८ सेकंद लागले, तर सरासरी सुमारे ०.४५ सेकंद येते. अहवालात सगळं छान दिसतं. ती पाच माणसं मात्र खिडकीशी उभी असतात. म्हणून सर्वांत संथ पाच टक्के आणि एक टक्का मागण्यांना किती वेळ लागला, ते वेगळं मोजायचं. डिस्कपर्यंत न जाता मेमरीतल्या साठ्यातून, म्हणजे कॅशमधून, ९९ टक्के माहिती मिळते, या आकड्यावरही विसंबू नये. तीच पानं कॅशमधून लाखो वेळा विनाकारण वाचणारी वाईट क्वेरी हा आकडा उलट सुधारते.

‘अडचण आली की देखरेख चालू करू.’ १६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार हे आधीच जाहीर होतं. विद्यार्थी १५ लाखांहून अधिक होते, हेही माहीत होतं. तरी निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. नेमका घोटाळा कुठे झाला यापेक्षा मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. गर्दीचा क्षण ठाऊक असतो आणि तयारी त्याआधीच व्हावी लागते. एरवीचा सोमवार कसा दिसतो याची नोंदच नसेल, तर आजचा सोमवार बिघडलाय हे कशावरून ठरवणार?

शिवाय बऱ्याच नोंदी मुळात बंद असतात. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींची नोंदवही आपण चालू करावी लागते आणि केली तरी तिची मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे नऊ सेकंद घेणारी क्वेरी तिच्या लेखी संथच नाही. ती एक सेकंदावर आणा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ हे क्वेरींना लागलेल्या वेळेचा हिशेब ठेवणारं अतिशय उपयोगी जोडसाधन पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागतो. भर गर्दीत ते कोण करणार?

देखरेखीनेच यंत्रणा मंदावते, ही भीती अर्धीच खरी. ठरावीक अंतराने आकडे टिपण्याचा भार किरकोळ असतो, सरसकट प्रत्येक क्वेरी फाइलमध्ये लिहून ठेवली तर मात्र भार जाणवतो. त्याहून गंभीर धोक्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. संथ क्वेरींच्या नोंदवहीत क्वेरी जशीच्या तशी उतरते, म्हणजे रुग्णाचं नाव, मोबाइल क्रमांक, सगळं. ती फाइल सॉफ्टवेअरवाल्याला व्हॉट्सॲपवर धाडणं म्हणजे रुग्णांची माहिती बाहेर देणं. ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ साधारणपणे अशा किमतींच्या जागी नुसती खूण ठेवतं, म्हणून मला ते अधिक सुरक्षित वाटतं.

इशाऱ्यांची संख्या कमी ठेवावी. डिस्क भरत आलीय, रात्रीचा बॅकअप झाला नाही, जोडण्यांची मर्यादा जवळ आली, नेहमीच्या क्वेरीला फार वेळ लागतोय, एवढे पुरेत. दिवसाला पन्नास संदेश येऊ लागले की एकावन्नावा कुणी वाचत नाही, आणि खरा तोच असतो.

खर्चाचा बाऊ नको. प्रोमिथियस आणि ग्राफाना ही देखरेखीची साधनं मोफत मिळतात. ओरॅकल डेटाबेसवाल्यांनी मात्र जपावं: त्यातले एडब्ल्यूआर हे कामगिरीचे अहवाल समोर तयार दिसतात, पण ते वापरायला वेगळा परवाना लागतो.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न पार्ल्यात तरी पडू नये. द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच. डेटाबेसवरच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक, प्रा. एस. सुदर्शन, पवईच्या आयआयटीतले. लॉक आणि इंडेक्स (नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) मुलं परीक्षेपुरते शिकतात. शेजारच्या ग्रंथालयाच्या किंवा पतपेढीच्या संथ क्वेरी त्यांच्यापुढे ठेवल्या तर कारण शोधायला ती आनंदाने बसतील. फक्त त्यांना खऱ्या सभासदांची नावं-क्रमांक काढून टाकलेली प्रत द्यावी, आणि त्या प्रतीत नोंदींची संख्या खऱ्याइतकीच ठेवावी. शंभर नोंदींच्या तक्त्यावर इंडेक्स नसला तरी काहीच जाणवत नाही.