जुन्या यंत्राच्या बेअरिंगला वंगण देताना

कित्येक वर्षे पडून असलेले कडबा कापण्याचे यंत्र पुन्हा चालू करताना बेअरिंगमध्ये नवे ग्रीस ठासून भरले की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. परिणामी ऐन हंगामात बेअरिंग तापून यंत्र बंद पडते.

याचे कारण उघड आहे. जुने ग्रीस सुकून कठीण झालेले असते व त्यात गंजाचे कण असतात. त्यावरच नवे ग्रीस भरल्यास हे कण छर्‍यांखाली येऊन पोलाद कुरतडतात. शिवाय दोन भिन्न जातींची ग्रीसे मिसळल्यास ती पातळ होऊन वाहून जाण्याचा संभव असतो. याकरिता बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन सुकवावे व थोडे तेल लावून हाताने सावकाश फिरवावे. खरखर लागल्यास ते बदलणेच इष्ट. वंगणाने झीज भरून येत नाही.

ग्रीस आतील मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच भरावे. अधिक भरल्यास ते घुसळले जाऊन तापते.

तेलावर चालणाऱ्या बुशाची गोष्ट निराळी. तेथे तेलाचे भोक व चर स्वच्छ करून यंत्राचे तेल नियमित द्यावे. खाद्यतेल हवेने चिकट होते. ते वापरू नये.

प्रथम अर्धा तास यंत्र रिकामे चालवावे. नंतर ते पूर्ण थांबवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहावा. हात ठेववत नसल्यास अधिक ग्रीस न भरता कारण शोधावे. हंगामापूर्वीच हे प्रत्यक्ष करून दाखवावे.